पॅव्हिलियन ऑफ फन

पॅव्हिलियन ऑफ फन ही अमेरिकेच्या न्यू यॉर्क शहरातील ब्रुकलिन विभागात, कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर असलेल्या स्टीपलचेस पार्क या मनोरंजन उद्यानाची मुख्य इमारत होती. लोखंडी सांगाडा आणि काचेचे छत व भिंती असलेली ही इमारत इ.स. १९०७ च्या आगीनंतर उद्यानाचे संस्थापक जॉर्ज सी. टिल्यू यांनी उभारली. बहुतेक आकर्षणे एका छताखाली आणल्यामुळे पावसाळी दिवशीही उद्यान चालू ठेवणे शक्य झाले. १९६४ साली उद्यान बंद पडले आणि १९६६ साली विकासक फ्रेड ट्रम्प यांनी इमारत पाडली. तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळावा यासाठी त्या वेळी प्रयत्न सुरू होते. त्यामुळे तिचे पाडकाम न्यू यॉर्कच्या वारसा जतनाच्या इतिहासात वादग्रस्त ठरले.

पार्श्वभूमी

जॉर्ज टिल्यू (१८६२–१९१४) यांचे बालपण कोनी आयलंडवरच गेले. १८९३ साली शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांनी फेरिस यांचा भव्य आकाशपाळणा पाहिला आणि तो विकत घेण्याचा प्रयत्न केला. तो मिळाला नाही, तेव्हा त्यांनी त्याहून बराच लहान पाळणा बनवून घेतला आणि कोनी आयलंडवर उभा केला. तेथे जगातील सर्वांत मोठा आकाशपाळणा येणार असल्याची पाटीही त्यांनी लावली होती.

१८९५ साली कोनी आयलंडवर पॉल बॉयटन यांचे सी लायन पार्क सुरू झाले. कुंपण घालून प्रवेशशुल्क आकारण्याची त्याची पद्धत टिल्यू यांनी उचलली आणि आपली विखुरलेली आकर्षणे एकत्र आणून १८९७ साली स्टीपलचेस पार्क सुरू केले. उद्यानाचे नाव त्यातील प्रमुख आकर्षणावरून, म्हणजे यांत्रिक घोड्यांच्या शर्यतीवरून पडले. लाकडी घोडे समांतर लोखंडी रुळांवरून धावत. त्यांना इंजिन नसे. उंचावरून सोडल्यावर ते उतारामुळे वेग घेत. एका घोड्यावर दोघांना बसता येई आणि स्वारांचे वजन जास्त असेल तर घोडा पुढे जाण्याची शक्यता वाढे. अनोळखी गर्दीत तरुण-तरुणींना एकमेकांना बिलगून बसण्याची संधी मिळणे हेही या शर्यतीच्या लोकप्रियतेचे एक कारण मानले जाते.

१९०३ साली लूना पार्क आणि १९०४ साली ड्रीमलँड ही दोन मोठी उद्याने शेजारीच सुरू झाली आणि स्पर्धा वाढली.

१९०७ ची आग

२८ जुलै १९०७ रोजी लागलेल्या आगीत स्टीपलचेस पार्कचा बहुतांश भाग भस्मसात झाला. त्या काळातील कोनी आयलंडवरील बांधकामे प्रामुख्याने लाकूड आणि प्लास्टरची असल्याने तेथे आगी वारंवार लागत. १९११ साली ड्रीमलँडही आगीतच नष्ट झाले व पुन्हा उभे राहिले नाही. आगीनंतर टिल्यू यांनी प्रवेशद्वारापाशी फलक लावला. त्यात अधिक मोठे व अधिक चांगले उद्यान याच जागी उभारण्याचे आश्वासन होते आणि धुमसते अवशेष पाहण्यासाठी दहा सेंट शुल्क असल्याची सूचनाही होती.

रचना

नवे उद्यान उभारताना टिल्यू यांनी आग आणि पाऊस या दोन्ही संकटांचा विचार केला. कोनी आयलंडचा हंगाम मुख्यतः उन्हाळ्यापुरता असे. सुट्टीच्या दिवशी पाऊस झाल्यास त्या दिवसाचे उत्पन्न बुडे. लोखंड व काचेच्या प्रशस्त सभागृहांची परंपरा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपासून (१८५१) चालत आली होती. प्रदर्शने, रेल्वे स्थानके व वनस्पतिगृहे यांसाठी वापरली जाणारी ही बांधणी टिल्यू यांनी खेळांच्या इमारतीसाठी स्वीकारली. काचेमुळे दिवसा भरपूर उजेड मिळे, तर रात्री विजेच्या दिव्यांनी उजळलेली इमारत दूरवरून दिसे. घोड्यांच्या शर्यतीचा मार्ग इमारतीच्या बाहेरील बाजूने फिरवण्यात आला.

दर्शनी काचेवर दात विचकून हसणारा एक प्रचंड चेहरा रंगवलेला होता. ‘फनी फेस’ या नावाने ओळखला जाणारा हा चेहरा स्टीपलचेसचे बोधचिन्ह होता व तो तिकिटांवर आणि जाहिरातींतही वापरला जाई.

आकर्षणे

लूना पार्क आणि ड्रीमलँड यांचा भर भव्य देखावे दाखवण्यावर होता. स्टीपलचेसमध्ये मात्र प्रेक्षक स्वतःच देखाव्याचा भाग होत. समुद्राकडील प्रवेशद्वारातून येणाऱ्यांना गोल फिरणाऱ्या एका मोठ्या पिंपातून चालत जावे लागे. त्यात तोल जाऊन अनोळखी माणसे एकमेकांवर कोसळत. ‘भूकंपाचा जिना’ मधोमध दुभंगलेला असून त्याचे दोन्ही भाग अचानक वरखाली होत. ‘ह्यूमन रूलेट व्हील’ ही गुळगुळीत, फिरती तबकडी होती. तिचा वेग वाढला की मध्यभागाजवळ बसलेली माणसेही हळूहळू कडेला सरकत आणि शेवटी बाहेर फेकली जात.

घोड्यांची शर्यत संपल्यावर स्वारांना एका अरुंद मार्गाने बाहेर पडावे लागे आणि तो मार्ग त्यांना नकळत एका रंगमंचावर आणून सोडी. तेथे जमिनीतून येणाऱ्या हवेच्या झोताने पुरुषांच्या टोप्या व स्त्रियांचे घागरे उडत आणि विदूषक विजेचा सौम्य झटका देणाऱ्या काठीने त्यांना पळवत. समोर बसलेले प्रेक्षक हे पाहून हसत. रंगमंचावरून सुटका झालेले स्वारही मग त्याच प्रेक्षकांत जाऊन बसत आणि पुढच्यांची फजिती पाहत. आजच्या दृष्टीने यातील बराचसा विनोद, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीतला, आक्षेपार्ह वाटतो. मात्र तत्कालीन समाजाच्या कडक शिष्टाचारातून घटकाभर सुटका मिळण्याचे हे ठिकाण होते, असे विवेचन इतिहासकार जॉन कासन यांनी ‘अम्यूझिंग द मिलियन’ (१९७८) या ग्रंथात केले आहे.

इमारतीतील सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे ‘एल डोराडो’ हे मेरी-गो-राउंड. जर्मनीतील ह्यूगो हासे यांच्या कारखान्यात १९०७ साली तयार झालेल्या या कोरीव लाकडी चक्राला तीन पायऱ्यांची रचना असून प्रत्येक पायरी वेगळ्या गतीने फिरे. ड्रीमलँडच्या आगीनंतर १९११ साली ते पॅव्हिलियनमध्ये आणण्यात आले.

प्रत्येक खेळाला वेगळे तिकीट काढण्याऐवजी अनेक खेळांचे एकत्रित तिकीट देण्याची पद्धत स्टीपलचेसमध्ये होती. गोल तिकीट कपड्याच्या बटणाला अडकवले जाई आणि खेळ खेळला की त्यावर छिद्र पाडले जाई.

उत्तरकाळ

१९१४ साली जॉर्ज टिल्यू यांच्या निधनानंतर उद्यानाचा कारभार त्यांच्या कुटुंबाकडेच राहिला. १९२० पर्यंत न्यू यॉर्कची भुयारी रेल्वे कोनी आयलंडपर्यंत पोहोचली आणि पाच सेंट भाड्यात कामगार वर्गाला समुद्रकिनारा गाठता येऊ लागला. १९३९ च्या न्यू यॉर्क जागतिक प्रदर्शनातील ‘पॅराशूट जंप’ हा सुमारे २५० फूट उंचीचा मनोरा टिल्यू कुटुंबाने विकत घेऊन १९४१ साली उद्यानात उभारला. १९४४ साली लूना पार्कला मोठी आग लागली व ते थोड्याच काळात बंद पडले. त्यानंतर तीन मोठ्या उद्यानांपैकी स्टीपलचेस हे एकच उरले.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींचा प्रसार, दूरचित्रवाणी, दूरचे नवे समुद्रकिनारे आणि परिसरातील बदलती वस्ती यांमुळे कोनी आयलंडची गर्दी ओसरू लागली. २० सप्टेंबर १९६४ रोजी स्टीपलचेसचा अखेरचा दिवस पार पडला. उद्यानाच्या प्रत्येक वर्षासाठी एक याप्रमाणे घंटेचे ६७ टोल देण्यात आले आणि दिवे मालवण्यात आले.

पाडकाम

१९६५ साली फ्रेड ट्रम्प यांनी ही जागा सुमारे २३ लाख डॉलरला विकत घेतली. त्यांना येथे उंच निवासी इमारती बांधायच्या होत्या. परंतु ही जमीन मनोरंजनासाठी राखीव असल्याने त्यासाठी शहराची परवानगी आवश्यक होती. पेनसिल्व्हेनिया स्थानकाची भव्य इमारत पाडण्यास १९६३ साली सुरुवात झाल्यावर उसळलेल्या लोकक्षोभामुळे एप्रिल १९६५ मध्ये न्यू यॉर्कमध्ये वास्तुवारसा संरक्षण कायदा लागू झाला होता. या कायद्याखाली पॅव्हिलियन वाचवता येईल अशी आशा स्थानिकांना होती.

तसा दर्जा मिळण्यापूर्वीच २१ सप्टेंबर १९६६ रोजी ट्रम्प यांनी पाडकामाचा समारंभ आयोजित केला. निमंत्रितांना विटा देऊन दर्शनी काचेवरील हसरा चेहरा फोडण्यास सांगण्यात आले. त्यानंतर संपूर्ण इमारत जमीनदोस्त करण्यात आली. निवासी बांधकामाची परवानगी मात्र ट्रम्प यांना मिळाली नाही, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यू यॉर्क शहराने ती जागा विकत घेतली.

वारसा

पॅव्हिलियनची जागा अनेक वर्षे बहुतांशी मोकळीच राहिली. २००१ साली उद्यानाच्या जागेवर बेसबॉलचे मैदान सुरू झाले. एल डोराडो जपानला नेण्यात आले आणि १९७१ पासून टोकियोतील तोशिमाएन उद्यानात ते फिरू लागले. तेथे २०२० साली उद्यान बंद होईपर्यंत ते चालू होते. पॅराशूट जंपचा मनोरा पाडण्याचा विचारही अनेकदा झाला, परंतु १९८९ साली त्याला शहराच्या संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. स्टीपलचेस पार्कची मूळ जागेवर उभी असलेली ती प्रमुख खूण आहे. हसरा चेहरा आजही कोनी आयलंडचे अनधिकृत बोधचिन्ह म्हणून फलकांवर व स्मरणवस्तूंवर आढळतो. चित्रकार रेजिनाल्ड मार्श यांनी १९३० च्या दशकात स्टीपलचेसमधील गर्दीची अनेक चित्रे काढली असून तेथील वातावरण समजून घेण्यासाठी ती महत्त्वाची मानली जातात.