दोन आण्यांची वारस

आमच्या घरी एक शजरा आहे. आजोबांनी जाड कागदावर उर्दूत लिहिलेला. बापाखाली मुलगे, मुलग्यांखाली नातू, अशा सहा पिढ्या. त्यात एकाही बाईचं नाव नाही. पणजी कोण होती, तिच्या मुली कुठे दिल्या, हे विचारलं की वडीलधारे म्हणत, “लिहून कोण ठेवतं?”

लिहून ठेवलेलं होतं. फक्त ते घरात नव्हतं.

घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो जुनी मृत्युपत्रं आणि प्रोबेटचे कागद बघण्याचा. मुंबईतल्या पारशी किंवा गुजराती व्यापारी घराण्यांसाठी तो सल्ला उत्तम आहे. उच्च न्यायालय 1862 साली सुरू झालं. त्याआधी सुप्रीम कोर्ट, रेकॉर्डर्स कोर्ट, मेयर्स कोर्ट अशी परंपरा 1728 पर्यंत मागे जाते. मुंबईत मिळकत असलेल्या मुसलमान घराण्यांनीही तिथे जरूर शोधावं. पण कोकणातल्या, देशावरच्या सामान्य मुसलमान कुटुंबाचा कागद तिथे सहसा सापडत नाही.

याचं कारण आपल्या वारसा कायद्यात आहे. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से ठरवून दिले आहेत. वसीयत करता येते, पण कर्ज फेडून उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरतीच. सुन्नी फिकहनुसार वारसालाच वसीयतीने जास्त द्यायचं असेल, तर बाकीच्या वारसांची संमती लागते. वसीयत तोंडीही चालते. शिवाय 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात प्रोबेटची जी सक्ती होती, तिच्यातून मुसलमानांची मृत्युपत्रं वगळलेली होती. मग कागद व्हावा कशासाठी?

म्हणून आपण दुसरीकडे बघायचं. माझ्या अनुभवाने पहिली जागा तलाठ्याचं दप्तर आणि तहसील कार्यालयातली अभिलेख खोली. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली आला आणि गावोगावी फेरफाराच्या वह्या सुरू झाल्या. खातेदार मयत झाला की वारसांची नोंद होते: कोण मुलगा, कोण मुलगी, कोण विधवा. गाव नमुना 6 म्हणजे फेरफार, 6-क म्हणजे वारस प्रकरणांची नोंदवही. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात, तेव्हा वाचणारा सोबत न्यावा. अनेक जिल्ह्यांचे अभिलेख आता ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही आहेत.

दुसरी जागा जिल्हा न्यायालय. 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खाली वारस दाखल्यासाठी जे अर्ज होत, त्यात कुटुंबाची माहिती येते. तिसरी दुय्यम निबंधक कार्यालय. मृत्युपत्रांची तिथे वेगळी वही असते, पुस्तक क्रमांक 3. ती कुणालाही चाळता येत नाही. पण करून देणारा वारल्यानंतर कुणीही अर्ज करून नक्कल मागू शकतो.

मला पणजोबांची वारस नोंद फेरफारात मिळाली. 1930च्या दशकातली. वारस: विधवा, दोन मुलगे, तीन मुली. घरात सगळ्यांना ठाऊक होत्या दोनच मुली.

नोंदीत हिस्से आण्यांत होते. विधवेला दोन आणे, मुलग्यांना चार-चार, मुलींना दोन-दोन. बेरीज सोळा. मुलं असतील तर विधवेला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. हिशेब अगदी शरियतप्रमाणे. इथे एक गोष्ट शिकलो, ती सांगून ठेवतो: आकड्यांतूनही कुटुंब वाचता येतं. विधवेला चार आणे दिसले, तर मयताला मूल नव्हतं. एखाद्या स्त्रीला सहावा हिस्सा दिसला, तर ती बहुधा मयताची आई. नाव पुसट असलं तरी हिस्सा नातं सांगतो.

पुढच्याच वर्षी दुसरी नोंद आहे. बहिणींनी ‘राजीखुशीने’ भावांच्या लाभात हक्क सोडला. खाली अंगठे दोनच. तिसरीच्या नावापुढे एवढंच: ‘केपटाउन येथे’.

रत्नागिरी-कुलाब्याकडची माणसं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाउनला जात होती. तिथे मरणानंतर एक छापील फॉर्म भरावा लागे: नाव, जन्मस्थान, आईवडील, जोडीदार, मुलं. तो मयताच्या मालमत्तेच्या फाइलीत राही. केपटाउनच्या अभिलेखागारात अशा फाइली आहेत, त्यांतल्या पुष्कळ आता इंटरनेटवर बघता येतात. तिथे आपल्या लोकांची मृत्युपत्रंही आढळतात, आणि त्याचं कारण दुःखद आहे. नुसत्या निकाहाला तिथला कायदा लग्न मानत नव्हता. मृत्युपत्र नसेल, तर निकाहाच्या बायकोला विधवा म्हणून काही मिळत नसे. तो अन्याय तिथल्या संविधान न्यायालयाने दूर केला 2004 साली.

कित्येक रात्री शोधल्यावर तिची फाइल दिसली. गावाच्या नावाचं स्पेलिंग ओळखू न येणारं, पण बापाचं नाव तेच, आईचं तेच. पाच मुलं. माझ्या आजोबांची सख्खी बहीण.

हे घरी सांगितलं तेव्हा एक चुलते म्हणाले, “जुनं कशाला उकरून काढतोस? आता हिस्सा मागायला येतील.” मला त्यांचा राग आला नाही. भीती खरी होती, कारण तिने अंगठा दिलाच नव्हता. तिचे दोन आणे कुणाच्या ताटात गेले, हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं. मुलींचा हिस्सा कुरआनने ठरवला, असं आपण अभिमानाने सांगतो. मग तो हिस्सा ‘राजीखुशीने’ दर पिढीत भावांकडे परत येतो कसा, हे आपण विचारत नाही.

ती जमीन बहुतेक विकली गेली आहे. उरलेल्या बागेतल्या तिच्या हिश्श्याचं काय करायचं, यावर घरात अजून एकमत नाही. मी माझ्यापुरतं एवढं केलं: तिच्या नातवंडांपैकी एकाचा पत्ता मिळवून दोन्ही नोंदींच्या नकला पाठवल्या. आणि शजऱ्यात तिन्ही बहिणींची नावं लिहिली, त्यांच्या आईसकट.

तुमच्याही गावच्या दप्तरात अशी एखादी नोंद असेल. जरूर काढा. फक्त काढण्याआधी मनाची तयारी ठेवा, की तो कागद आपल्याच घराविरुद्ध साक्ष देऊ शकतो.