ओल्नीची प्रार्थनासभा: विल्यम कूपरचा विषाद आणि त्याचे सोबती

इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यात, ऊझ नदीच्या काठी वसलेले ओल्नी हे गाव अठराव्या शतकात हाताने विणलेल्या लेससाठी ओळखले जाई. उशीवर टाचण्या रोवून बारीक धाग्यांची जाळीदार किनार विणण्याचा हा धंदा घरोघरच्या बायकामुलांचे डोळे आणि पाठ खाऊन टाकी, आणि त्या मानाने मोबदला फार थोडा देई. या दरिद्री गावात १७६४ साली जॉन न्यूटन पाळक म्हणून आला. पूर्वायुष्यात गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांचा कप्तान असलेला हा मनुष्य आता इव्हॅन्जेलिकल पंथाचा, म्हणजे बायबलचा अधिकार, व्यक्तिगत पश्चात्ताप आणि ख्रिस्ताच्या कृपेने होणारे तारण यांवर भर देणाऱ्या ख्रिस्ती प्रवाहाचा, उपदेशक झाला होता. तीन वर्षांनी विल्यम कूपर हा कवी त्याच्या शेजारी राहायला आला, आणि विषादग्रस्त मनाला श्रद्धा कोणत्या वाटेने बळ देते याचा इंग्रजी इतिहासातला एक अत्यंत प्रामाणिक पुरावा या शेजारातून निर्माण झाला.

कूपरचा आजार ओल्नीत सुरू झालेला नव्हता. १७३१ साली जन्मलेला हा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याची आई वारली. पुढे लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेताना त्याला पहिल्यांदा खोल खिन्नतेने गाठले, तेव्हा सतराव्या शतकातील धर्मोपदेशक कवी जॉर्ज हर्बर्ट याच्या कवितांनी त्याला काही काळ दिलासा दिला. १७६३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समधील एका कारकुनी पदासाठी सभागृहासमोर परीक्षा देण्याची वेळ आली आणि त्या धास्तीने तो इतका खचला की त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. त्या काळी या अवस्थेला मेलॅन्कलिया म्हणत, आणि शरीरातील काळे पित्त वाढल्याने ती ओढवते ही प्राचीन ग्रीक वैद्यकाची समजूत अजून पुरती मावळली नव्हती. कूपरच्या सुदैवाने त्याला सेंट ऑल्बन्स येथे नॅथॅनिएल कॉटन या धर्मशील वैद्याच्या खासगी रुग्णालयात ठेवण्यात आले, जिथे साखळदंड आणि मारहाण यांऐवजी संभाषण आणि सहवास यांना जागा होती. तिथेच १७६४ साली रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील, ख्रिस्ताच्या रक्ताने होणाऱ्या पापक्षमेविषयीचे वचन वाचताना आपल्याला क्षमा मिळाली आहे अशी खात्री त्याला वाटली, आणि तो सावरला.

बरा झाल्यावर तो हंटिंग्डन येथे अन्विन कुटुंबात राहू लागला. कुटुंबप्रमुख मॉर्ली अन्विन १७६७ मध्ये घोड्यावरून पडून दगावल्यानंतर त्यांची विधवा मेरी आणि कूपर न्यूटनच्या आग्रहावरून ओल्नीस आले. न्यूटनने गरीब विणकरणींसाठी आणि मजुरांसाठी प्रार्थनासभा चालवल्या होत्या. त्यांत बुजरा, चारचौघांत बोलायला घाबरणारा कूपर मोठ्याने प्रार्थना करू लागला, आजाऱ्यांच्या घरी जाऊ लागला आणि सभेत गाण्यासाठी गीते लिहू लागला. पुढे १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्नी हिम्स’ या संग्रहातील बहुसंख्य गीते न्यूटनची असली, तरी साठांहून अधिक कूपरची आहेत.

परंतु १७७३ च्या जानेवारीत आजार पुन्हा उलटला. थोड्याच दिवसांत एका स्वप्नात त्याने आपल्या कायमच्या नाशाचा निवाडा ऐकला, आणि देवाने आपल्याला टाकले आहे ही समजूत नंतरच्या सत्तावीस वर्षांत क्वचितच ढळली. न्यूटन ज्या कॅल्विनपंथी शिकवणीचा होता तीत पूर्वनियुक्ती, म्हणजे कोणाचे तारण व्हावे हे देवाने अनादिकाळी ठरवले आहे असे मत, महत्त्वाचे असते. या मताने आणि न्यूटनच्या कडक उपदेशाने कूपरला वेडे केले, असा आरोप पुढे काही चरित्रकारांनी केला. तो टिकत नाही, कारण पहिले दोन झटके न्यूटनची भेट होण्यापूर्वीचे आहेत. मात्र आजाराला आपल्या भयासाठी लागणारी भाषा या शिकवणीतून मिळाली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

खरे महत्त्व आहे ते यानंतर काय घडले याला. कूपरने चर्चमध्ये जाणे सोडले, प्रार्थनेचा आपल्याला हक्क नाही असे तो मानू लागला. तरीही न्यूटन पतिपत्नीने त्याला वर्षभराहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले, त्याच्यावर पहारा दिला, आणि जी श्रद्धा त्याच्या मनातून निसटली होती ती त्याच्या वतीने धरून ठेवली. १७७४ मध्ये शेजाऱ्यांनी दिलेले ससे पाळणे, बागकाम, सुतारकाम अशा छोट्या उद्योगांनी त्याचे दिवस हळूहळू भरू लागले, आणि न्यूटन १७८० साली लंडनला गेल्यानंतर मेरीने त्याला दीर्घ कविता लिहायला लावले. १७८५ चे ‘द टास्क’ हे काव्य आणि १७८८ मधील गुलामगिरीविरोधी कविता, ज्यांत न्यूटनच्या जुन्या व्यापाराचाच धिक्कार होता, याच काळातील आहेत. स्वतःच्या तारणाविषयी निराश असलेल्या माणसाने इतरांच्या दुःखासाठी ख्रिस्ती सदसद्विवेकाला साद घालावी, ही गोष्ट कोणत्याही चमत्कारिक आरोग्यलाभापेक्षा मोलाची आहे.

आजार मात्र हटला नाही. मेरी १७९६ मध्ये वारली आणि कूपरने २५ एप्रिल १८०० रोजी नॉरफोकमधील ईस्ट डेअरहॅम येथे देह ठेवला. १७९९ मधील त्याच्या अखेरच्या इंग्रजी कवितेत सांत्वन शोधूनही सापडत नाही. श्रद्धेने विषाद हटतोच असे सांगणाऱ्यांना हा शेवट गैरसोयीचा वाटत आला आहे, पण ओल्नीचा दाखला तसा दावा करतच नाही. तिथे श्रद्धेचे बळ आजाऱ्याच्या खात्रीवर अवलंबून नव्हते. ते त्याच्याभोवतीच्या माणसांच्या चिकाटीत होते. गीतांमुळे न्यूटन आणि कूपर यांची नावे जगभर गेली, परंतु वर्षानुवर्षे रोजच्या रोज ही चिकाटी ज्या व्यक्तीने निभावली ती मेरी अन्विन होती, आणि ओल्नीच्या इतिहासात पहिला मान तिचा आहे.