कप्तानी कुणाची?

भिवंडीत लूमवर बारा तासांची पाळी काढून आमची पोरं सुट्टीच्या दिवशी टेनिस बॉलचे सामने खेळतात. चषक भीमजयंतीचा. परवा एकाला विचारलं, बाळू पालवणकर कोण? म्हणाला, "ठावं नाय."

मग ऐका. चांभाराचं पोर. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखायचं, सायबांना सरावाला बॉल टाकायचं. हिंदूंना जिंकायचं होतं, म्हणून संघात घेतलं. चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ ला विलायतेत त्यांनी शंभरावर विकेटी काढल्या. तरी हिंदू संघाची कप्तानी त्यांना दिली नाही. १९२० ला भाऊ संघाबाहेर पडले, बोंबाबोंब झाली, तेव्हा कुठं १९२३ ला ती धाकट्या विठ्ठलला मिळाली.

हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, अन् पडले. तेवढ्यावरून आपण त्यांना गाळतो. मित्रांनो, मतपेटीत हरवलं ते बरोबरच. पण हात चालतो, माणूस चालत नाही, याचा पुरावा त्या मातीच्या भांड्यात आहे. तो आपण का फेकायचा? पुढच्या चषकावर त्यांचं नाव घाला.