दिवा कुणी लावायचा? सायकल आणि रस्त्याच्या कायद्याची दीडशे वर्षं

सायकल कुणी शोधली, पहिली सायकल कुठल्या देशात चालली, हे आज आपण बाजूला ठेवणार आहोत. आजचा प्रश्न वेगळा आहे. रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला कायद्याने काय काय सांगितलं, आणि ते सांगताना कायद्याच्या डोळ्यांसमोर नेमकं कोण होतं?

आपल्यातल्या ज्येष्ठ मंडळींना तीन गोष्टी नक्की आठवत असतील. नगरपालिकेचा बिल्ला, डबलसीटची बंदी आणि अंधार पडल्यावर दिवा. डायनॅमो टायरला टेकवला की पायडल जड व्हायचं, म्हणून तो शक्यतो लावायचाच नाही, आणि चौकात हवालदार दिसला की खाली उतरून सायकल हातात धरून चालायचं. हवालदाराने पकडलंच तर चाकातली हवा जायची. आपण हे हसत हसत सांगतो. पण दिव्याच्या त्या नियमामागे जवळपास दीडशे वर्षांचा वाद आहे. त्या वादात माणसांचे जीव गुंतलेले आहेत, म्हणून तो नीट समजून घेऊ.

सुरुवात इंग्लंडमध्ये होते. १८७९ साली लंडनच्या उत्तरेकडच्या मझवेल हिल या उतारावरून एक माणूस भरधाव सायकल हाणत खाली आला. त्याच्यावर खटला भरला गेला तो १८३५ च्या महामार्ग कायद्याखाली. बेफाम गाडी हाकून लोकांचा जीव धोक्यात घालणं हा त्या कायद्याने गुन्हा होता. बचाव सरळ होता. १८३५ मध्ये सायकल अशी नव्हतीच, मग ती गाडी कशी? टेलर विरुद्ध गुडविन या नावाने हा खटला कायद्याच्या पुस्तकांत आहे. न्यायाधीशांचं म्हणणं असं पडलं की कायदा करणाऱ्यांना सायकल माहीत नसेल, पण रस्त्यावरच्या माणसाला वाचवणं हा त्यांचा हेतू होता, आणि जे माणसाला वाहून नेतं ते गाडीच. आपल्या मराठीत तर हे सांगायलाही नको. वाहून नेतं ते वाहन.

गंमत अशी की पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, त्याच न्यायालयात दुसरा प्रश्न आला. पथकराच्या नाक्यावर सायकलवाल्याने गाडीचा कर भरायचा का? इथे उत्तर आलं, नाही. म्हणजे शिक्षेपुरती सायकल ही गाडी, आणि करापुरती गाडी नाही! कायद्यालाच ही वस्तू अजून उमगली नव्हती.

हा गोंधळ १८८८ मध्ये मिटला. त्या वर्षीच्या स्थानिक शासन कायद्याच्या कलम ८५ ने सायकल ही गाडीच आहे असं जाहीर केलं. सोबत दोन अटी घातल्या. सूर्यास्तानंतर तासाभराने दिवा लावायचा, तो सूर्योदयाआधी तासभरापर्यंत. आणि कुणाला मागून ओलांडताना घंटी, शिट्टी किंवा अन्य मार्गाने सूचना द्यायची. पण त्याच कलमाने गावोगावच्या स्थानिक संस्थांचे सायकलविरोधी उपनियम करण्याचे अधिकारही काढून घेतले. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघटनेने, जिला पुढे सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब हे नाव मिळालं, यासाठी बरेच प्रयत्न केले होते. जबाबदारी घेतली आणि रस्त्यावरचा हक्क मिळवला, असा तो सौदा होता.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा दिवा सायकलच्या पुढच्या बाजूचा आहे. घंटीही पुढच्याला सावध करण्यासाठी आहे. १८८८ मध्ये रस्त्यावर वेगवान कोण होतं? सायकल. धोका कुणापासून होता? सायकलपासून. आणि म्हणून नियम कुणाला? सायकलला. हिशोब अगदी सरळ होता. ज्याच्यामुळे इजा होऊ शकते, त्याने काळजी घ्यायची.

मग मोटार आली आणि हिशोब उलटला. आता सायकलला मागून धडक बसू लागली. यावर उपाय काय? मोटारवाल्यांच्या बाजूने मागणी आली की सायकलच्या मागे लाल दिवा सक्तीचा करा. सायकल संघटनेने कडाडून विरोध केला. आज हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. दिव्याला विरोध, तोही सायकलवाल्यांचा?

पण त्यांचं म्हणणं ऐकून घेऊ. चालकाला आपल्या दिव्यांच्या उजेडात जितकं अंतर दिसतं, तितक्यात गाडी थांबवता येईल एवढाच वेग त्याने ठेवावा, हा जुना नियम. मागच्या दिव्याची सक्ती झाली की हा नियम ढिला पडणार. दिवा दिसला नाही म्हणून उडवला, असं चालक म्हणणार. रस्त्यात पायी माणूस असतो, गुरं असतात, त्यांच्या पाठीला कुठे दिवा असतो? काळजी घेण्याचं ओझं धडक देणाऱ्याच्या खांद्यावरून धडक खाणाऱ्याच्या खांद्यावर जाईल, ही त्यांची खरी भीती होती.

१९२७ च्या कायद्याने तडजोड केली. मागे लाल दिवा किंवा लाल परावर्तक. १९३४ मध्ये मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा आला. त्याच १९३४ साली ब्रिटनमध्ये रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. त्या वर्षीच्या कायद्याने वस्तीतल्या रस्त्यांवर मोटारींना ताशी ३० मैलांची मर्यादा पुन्हा घातली, आणि डिसेंबरमध्ये वाहतूकमंत्री लेस्ली होअर-बेलिशा यांनी लंडनच्या वेस्टर्न अव्हेन्यूवर सायकलींसाठी वेगळा मार्ग उघडला. संघटनेने त्यालाही विरोध केला. आज सोय म्हणून देताय, उद्या सक्ती कराल आणि मुख्य रस्त्यावरून आम्हाला हाकलाल! हे म्हणणं हवेतलं नव्हतं. जर्मनीत १९३४ च्याच वाहतूक नियमांनी सायकल मार्ग असेल तिथे त्यावरूनच जायची सक्ती केली होती, आणि ती सरसकट सक्ती सैल व्हायला १९९७ साल उजाडावं लागलं.

मागच्या दिव्याचा वाद शेवटी युद्धाने मिटवला. दुसऱ्या महायुद्धात शहरं अंधारात ठेवली गेली, तेव्हा मागचा दिवा सक्तीचा झाला, आणि युद्धानंतरही तो राहिला.

यात बरोबर कोण होतं? आपल्याला वाटतं, दोघंही. मागचा लाल दिवा जीव वाचवतो, यात शंका नाही. आणि ओझं सरकेल ही भीतीही खरी ठरली. अपघातानंतर पहिला प्रश्न काय विचारला जातो? सायकलला दिवा होता का? मोटारीचा वेग किती होता, हा प्रश्न नंतर येतो.

हा क्रम बदलता येतो का? नेदरलँड्सचं उदाहरण बघू. आज तो सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो, पण १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली आणि त्यात चारशेहून अधिक मुलं होती. विक लांगेनहोफ या पत्रकाराची मुलगी त्यातच गेली. त्यांनी १९७२ मध्ये लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकावरूनच चळवळीला नाव मिळालं, ‘मुलांचे खून थांबवा’. अपघात हा शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळला. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले. १९७६ मध्ये ‘वूनएर्फ’ म्हणजे निवासी गल्ल्यांना कायद्याची मान्यता मिळाली. तिथे मोटारीने माणसाच्या चालीने जायचं.

आणि भरपाईचा कायदा बघा. तिथल्या १९९४ च्या वाहतूक कायद्याचं कलम १८५ आणि न्यायालयांचे निकाल मिळून असं ठरलं आहे की मोटारीने सायकलस्वाराला धडक दिली तर भरपाईची जबाबदारी मोटारीच्या बाजूची. सायकलस्वार चौदा वर्षांखालचा असेल तर त्याची चूक असली तरी जवळजवळ नेहमी पूर्ण भरपाई. मोठ्या माणसाची चूक असली तरी सहसा निम्मी तरी मिळते. हे गुन्ह्याबद्दल नाही, पैशाच्या जबाबदारीबद्दल आहे, हे ध्यानात ठेवा. आणि हेही ध्यानात ठेवा की डच सायकलला आजही रात्री पुढे आणि मागे दिवा लागतो, नसेल तर दंड होतो. म्हणजे सायकलवाल्याची जबाबदारी काढून घेतली नाही. मोठ्या गाडीची जबाबदारी मात्र जागेवर आणून ठेवली.

आता आपल्याकडे येऊ. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, वाहन या शब्दाच्या व्याख्येत सायकल स्पष्टपणे येते. रस्त्याच्या डाव्या बाजूने चला, हा नियम तिलाही लागू. उलट १९८८ चा मोटार वाहन कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या गाड्यांचा. त्यात साधी सायकल मोटार वाहन नाही. म्हणून तिला परवाना नाही, नोंदणी नाही, विमा नाही. ठरावीक मर्यादेतली, म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली विजेची सायकलही याच बाजूला राहते.

ही मोकळीक चांगलीच आहे. दूधवाला, पेपरवाला, शाळेतली पोरं, बांधकामावरचा मजूर, कुणालाही कागद न दाखवता रस्ता वापरता येतो. पण कायद्याला सायकल आठवते तेव्हा बऱ्याचदा ती अडवण्यासाठी आठवते. २०१३ मध्ये कोलकात्यात १७४ रस्त्यांवर सायकलला बंदी घातली गेली आणि फटका बसला तो याच कष्टकऱ्यांना. दुसरीकडे, सायकल मार्ग कसे बांधावेत याची इंडियन रोड्स काँग्रेसची शिफारस १९६२ पासून आहे. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडाही मंजूर केला. कागद आहेत. रस्त्यावर काय आहे ते आपण रोज बघतो.

तरी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते, ती इथे मुद्दाम सांगतो. मोटारीच्या धडकेत सायकलस्वार दगावला, तर चूक कुणाची हे सिद्ध न करताही भरपाई मागता येते. हे तत्त्व आपल्या कायद्यात १९८२ पासून आहे. आज ते कलम १६४ मध्ये आहे. मृत्यूसाठी पाच लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. जास्त रक्कम हवी असेल तर कलम १६६ खाली चालकाची चूक दाखवावी लागते, आणि तिथे समोरची बाजू सायकलस्वाराचा हलगर्जीपणा काढू शकते. तिथेच तो जुना प्रश्न परत येतो. दिवा होता का?

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ मध्ये भर पडली. सायकलसारखी बिनयंत्राची वाहनं आणि पादचारी यांच्या रस्ता वापरण्याबद्दल राज्यांना आता नियम करता येतात. या अधिकारातून सायकलला सुरक्षित जागाही देता येईल आणि तिला रस्त्यावरून हटवताही येईल. दोन्ही शक्य आहे.

म्हणून उद्या असा एखादा नियम वाचाल तेव्हा दोन प्रश्न विचारा. धोका कुणाकडून आहे? आणि नियम कुणाला सांगितला आहे? १८८८ मध्ये दोन्हींचं उत्तर एकच होतं. आज ते एक आहे का, ते तपासून बघा. आणि तोवर, संध्याकाळी बाहेर पडताना मागचा दिवा जरूर लावा. रस्त्यावरचा आपला हक्क त्याने कमी होत नाही.