पॅट्रिक : एका नांवाचा इतिहास

नामकरणाचा विधि घटकाभराचा असतो. नांव मात्र जन्मभर पुरतें. महोत्सवाच्या ह्या पुस्तिकेंत आयर्लंडांतील एका नांवाचा वृत्तांत सांगण्याचें योजिलें आहे. जें नांव मुलास ठेवण्यास तो देश एके काळीं धजत नसे, तेंच पुढें त्या देशाची ओळख होऊन बसलें. तें नांव पॅट्रिक.

हें नांव मूळचें आयरिश नव्हे. 'पात्रिसियुस' ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'कुलीन' असा आहे. ५ व्या शतकांतील संत पॅट्रिक हा ब्रिटनमधील एका डीकनचा पुत्र. वयाच्या १६ व्या वर्षाच्या सुमारास आयरिश लुटारूंनीं त्यास पळवून नेलें, व ह्या कुलीन मुलानें ६ वर्षें दास होऊन गुरें राखिलीं. सुटका झाल्यावर तो त्याच लोकांकडे सुवार्ता घेऊन परतला. ही हकीकत त्यानें स्वतः 'कन्फेसियो' ह्या लेखांत लिहून ठेविली आहे.

अशा पुरुषाचें नांव लागलींच घरोघर झालें असेल, असें वाचकांस वाटेल. घडलें तें उलट. मध्ययुगीन आयरिश लोकांस तें नांव सरळ धारण करणें अमर्यादपणाचें वाटे. ते मुलास 'गिला पात्रिक', म्हणजे पॅट्रिकचा सेवक, असें म्हणत. आपल्याकडील 'रामदास' ह्या नांवामागेंहि हीच भावना आहे. 'फिट्झपॅट्रिक' हें आडनांव ह्या 'गिला पात्रिक'पासूनच निघालें.

इ. स. १६०० नंतर हा संकोच सुटला. स्कॉटलंडांत हें नांव आधींच चालू होतें. तेथून अल्स्टरमध्यें आलेल्या वसाहतवाल्यांमुळें तें आयर्लंडांत पसरलें, असें अभ्यासक मानतात. पुढें १६९५ पासून कॅथलिकांच्या शाळा व जमिनी ह्यांवर कायद्यांचे घाले पडले. अशा दिवसांत, स्वतः दास्य भोगलेला संत लोकांस अधिक जवळचा वाटला असावा, असें मला वाटतें.

१८४५ नंतरच्या दुष्काळांत सुमारें १० लक्ष लोक मेले व जवळजवळ तितकेच परदेशीं गेले. तेथें 'पॅडी' हें लाडकें रूप आयरिश मजुराच्या हेटाळणीचा शब्द झालें. तरी त्यांनीं तें नांव टाकिलें नाहीं. न्यूयॉर्क येथें १८७९ मध्यें उघडलेलें भव्य कॅथीड्रल त्याच संताच्या नांवाचें असून त्यांत गरीब आयरिश मजुरांची वर्गणीहि आहे.

आज आयर्लंडांत हें नांव पूर्वींइतकें अग्रेसर नाहीं. परंतु त्याचा मान गेला असें म्हणवत नाहीं. एका काळीं लोकांनीं तें आदरानें राखून ठेविलें, दुसऱ्या काळीं संकटांत उराशीं धरिलें. बाप्तिस्म्याच्या कुंडापाशीं आपण बाळाचें नांव सांगतों. तें कां निवडलें, हें त्याला जाणत्या वयांत अवश्य सांगावें, एवढीच आईबापांस विनंति.