दुहेरी बॅटरी प्रणाली (मोटरबोट)

दुहेरी बॅटरी प्रणाली ही आउटबोर्ड मोटर असलेल्या बोटीवरील वीजपुरवठ्याची एक रचना आहे. या रचनेत इंजिन सुरू करण्यासाठी एक आणि दिवे, पंप, बिनतारी संच यांसारख्या उपकरणांसाठी दुसरी बॅटरी वापरली जाते. उपकरणांच्या वापराने एक बॅटरी उतरली, तरी इंजिन सुरू करण्याइतकी वीज दुसरीत शिल्लक राहावी, हा या रचनेचा मुख्य उद्देश होय. इंजिन सुरू न झालेली बोट वाऱ्याच्या व प्रवाहाच्या स्वाधीन होते. म्हणून ही रचना सोयीपेक्षा सुरक्षिततेचा भाग मानली जाते.

पार्श्वभूमी

बोटीच्या मागील फळीवर बाहेरून बसवल्या जाणाऱ्या आउटबोर्ड मोटरचे व्यावसायिक उत्पादन ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत यशस्वी केले. लहान मोटर दोरी ओढून सुरू करता येते व तिला बॅटरीची गरज नसते. मोठ्या मोटरला मात्र विद्युत स्टार्टर लागतो. इंजिन चालू असताना त्याच्या गतिचक्रातील चुंबकांमुळे वेटोळ्यांत प्रत्यावर्ती विद्युतधारा निर्माण होते. ती एकदिश करून व तिचा विद्युतदाब नियंत्रित करून बॅटरीला पुरवली जाते.

महाराष्ट्रात आउटबोर्ड मोटरचा वापर कोकण किनाऱ्यावरील लहान मासेमारी बोटी, पर्यटकांच्या बोटी आणि पूरबचाव कार्यातील रबरी बोटी यांवर होतो. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. परंतु त्याच्या उत्तरेकडील निफाड तालुक्यातील सायखेडा व चांदोरी ही गोदावरीकाठची गावे ऑगस्ट २०१९ मध्ये पुराच्या पाण्याने वेढली गेली होती. अशा प्रसंगांसाठी राखून ठेवलेल्या बोटी वर्षातील बराच काळ उभ्या असतात. त्यामुळे विद्युत स्टार्टर असलेल्या बचावबोटीच्या बाबतीत बॅटरीची स्थिती विशेष महत्त्वाची ठरते.

बॅटऱ्यांचे प्रकार

सुरुवातीची बॅटरी: हिच्यात पातळ पत्रे अधिक संख्येने असतात. ती काही सेकंदांसाठी मोठी विद्युतधारा देऊ शकते. परंतु वारंवार पूर्ण उतरल्यास लवकर निकामी होते.

उपकरणांची बॅटरी: हिचे पत्रे जाड असतात. ती बराच वेळ मध्यम विद्युतधारा देते. शिसे-आम्ल प्रकारच्या अशा बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून ती साधारणतः निम्म्याहून अधिक उतरू दिली जात नाही.

जोडणी

दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके एकमेकांना जोडून इंजिनाच्या ऋण तारेस जोडतात. धन टोके मात्र स्वतंत्र तारांनी निवडक स्विचपर्यंत नेली जातात. प्रचलित स्विचला ‘बंद’, ‘१’, ‘२’ आणि ‘दोन्ही’ अशा चार स्थिती असतात. ‘दोन्ही’ या स्थितीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या जातात व विद्युतदाब १२ व्होल्टच राहतो. त्याच बॅटऱ्या एकसरीत जोडल्यास तो २४ व्होल्ट होतो आणि १२ व्होल्टची उपकरणे जळू शकतात.

उपकरणांच्या धन तारेवर बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ फ्यूज बसवतात. तळात साचलेले पाणी उपसणारा स्वयंचलित पंप मुख्य स्विच बंद असतानाही चालावा, यासाठी तो स्वतंत्र फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडला जातो. खाऱ्या पाण्यात तारा गंजू नयेत म्हणून कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारा वापरतात.

चार्जिंगच्या पद्धती

हाताने चालवायचा स्विच: ही सर्वांत स्वस्त पद्धत आहे. इंजिन चालू असताना स्विच ‘दोन्ही’वर ठेवतात आणि इंजिन बंद केल्यावर तो उपकरणांच्या बॅटरीवर आणतात. हे विसरल्यास दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी उतरतात व दुहेरी रचनेचा उद्देशच नष्ट होतो. इंजिन चालू असताना स्विच ‘बंद’ केल्यास चार्जिंग यंत्रणेची हानी होऊ शकते.

डायोड विभाजक: हा विद्युतधारा दोन्ही बॅटऱ्यांकडे जाऊ देतो, परंतु एकीतून दुसरीकडे जाऊ देत नाही. साध्या डायोडमध्ये सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्टची घट होते. तिची भरपाई न झाल्यास बॅटऱ्या पूर्ण भरत नाहीत.

विद्युतदाब-संवेदी रिले: सुरुवातीच्या बॅटरीचा विद्युतदाब सुमारे १३.३ व्होल्टच्या वर गेल्यावर हा रिले दुसरी बॅटरी जोडतो व विद्युतदाब सुमारे १२.८ व्होल्टच्या खाली आल्यावर ती तोडतो. नेमके आकडे उत्पादनानुसार बदलतात. यात सुरुवातीच्या बॅटरीला अग्रक्रम मिळतो आणि चालकाला काही लक्षात ठेवावे लागत नाही.

डीसी-डीसी चार्जर: दोन बॅटऱ्या वेगळ्या प्रकारच्या असल्यास हा वापरतात. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीचा विश्रांतीतील विद्युतदाब १३ व्होल्टहून अधिक असल्याने केवळ विद्युतदाबावर चालणारा रिले तिच्या बाबतीत चुकीच्या वेळी जोडलेला राहू शकतो.

किनाऱ्यावरील चार्जर: दोन स्वतंत्र निर्गम असलेला चार्जर घरगुती विजेवर दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या भरतो.

चार्जिंगचा हिशेब

थोडा वेळ इंजिन चालवल्यास बॅटरी भरते, हा समज बहुधा चुकीचा ठरतो. समजा, दिवे १.५ अँपिअर, मत्स्यशोधक १ अँपिअर आणि बिनतारी संच ०.५ अँपिअर, अशी एकूण ३ अँपिअर विद्युतधारा ६ तास वापरली. म्हणजे १८ अँपिअर-तास खर्च झाले. चार्जिंगमधील व्यय धरता सुमारे २१ अँपिअर-तास परत भरावे लागतात. इंजिनाने १० अँपिअर दिले आणि उपकरणे चालूच राहिली, तर बॅटरीसाठी ७ अँपिअर उरतात. म्हणजे सुमारे ३ तास लागतात. मंद गतीवर इंजिनाची विद्युतनिर्मिती कमी असल्याने हा काळ आणखी वाढतो.

देखभाल

शिसे-आम्ल बॅटरी काही तास विश्रांतीत ठेवल्यानंतर सुमारे १२.७ व्होल्ट दाखवत असल्यास ती पूर्ण भरलेली, तर १२.२ व्होल्ट दाखवत असल्यास साधारण निम्मी भरलेली समजतात. केवळ विद्युतदाबावरून मात्र बॅटरीची क्षमता कळत नाही; जुनी बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवूनही स्टार्टरच्या भाराखाली कोसळू शकते. म्हणून प्रत्यक्ष भार देऊन चाचणी घेणे आवश्यक असते.

न वापरलेली बॅटरीही हळूहळू उतरते आणि उष्ण हवेत हा वेग वाढतो. ती दीर्घकाळ उतरलेल्या स्थितीत राहिल्यास पत्र्यांवर शिसे सल्फेटचे कठीण स्फटिक जमून तिची क्षमता कायमची घटते. यामुळे उन्हाळाभर उभ्या राहिलेल्या बोटीची बॅटरी पावसाळ्याच्या तोंडावर निकामी आढळू शकते. नियमित चार्जिंग व पावसाळ्यापूर्वीची भारचाचणी यांनी हा धोका कमी होतो. झाकण उघडता येणाऱ्या बॅटरीत केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालतात.

सुरक्षितता

चार्जिंगच्या वेळी शिसे-आम्ल बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो. त्यामुळे बॅटऱ्या हवेशीर पेटीत, पेट्रोलच्या टाकीपासून दूर आणि पट्ट्याने घट्ट बांधून ठेवतात. बॅटरी काढताना ऋण तार प्रथम सोडवतात व बसवताना ती शेवटी जोडतात. भारतात निकामी बॅटऱ्यांची विल्हेवाट बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार लावणे बंधनकारक आहे.