जात्यापाशी आलेला देव

देव कोठे असतो, हा प्रश्न पंडितांनी शास्त्रांत सोडविला. आमच्या परभणी जिल्ह्यातील एका मोलकरणीने तो जात्यापाशी सोडविला. गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईचे जन्मगाव. आईबापांची नावे परंपरा करुंड व दमा अशी सांगते. बालपणीच ती पंढरपुरास दामाशेटी शिंप्यांच्या घरी कामाला राहिली. त्यांचे चिरंजीव म्हणजे संत नामदेव. दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेचणे यांतच तिचा जन्म गेला. नामदेवांप्रमाणे तिनेही इ. स. १३५० मध्ये देह ठेवला, असे मानतात.

आता वाचकांनी क्षणभर विचार करावा. जिला पहाटेपासून घरकामातून उसंत नाही, तिने देवळात जावे कधी आणि संस्कृत पोथी ऐकावी कधी? जनाबाईने उलटाच मार्ग काढला. तिला जाता येत नाही, तर देवानेच यावे! म्हणून तिच्या अभंगांत विठोबा दळू लागतो, केर भरतो. ती त्याला आई म्हणते आणि रागावली म्हणजे शिव्याही घालते. तिच्या नावावरील सुमारे साडेतीनशे अभंग नामदेवांच्या गाथेत छापले जातात. स्वतःला नामयाची दासी म्हणविणारीचा शब्द धन्याच्या ग्रंथात मानाने बसला, ही गोष्ट लहान नव्हे.

तिच्या नावावर आख्यानेही आहेत, आणि त्यांतील कथांची निवड पाहण्यासारखी आहे. हरिश्चंद्राच्या कथेत राणी तारामती विकली जाऊन दासी होते. थाळीपाकात दुर्वास ऋषी शिष्यांसह जेवावयास येतात, आणि द्रौपदीच्या थाळीत भाजीचे एक पान तेवढे उरलेले असते. दास्य आणि रिकामे भांडे यांची कथा जनाबाईहून अधिक कोणाला कळावी? पुढे मुक्तेश्वरांना या रचनांपासून स्फूर्ती मिळाली, असे सांगतात.

महिपतींनी १७६२ साली भक्तविजयात तिची कथा गुंफली. देवाचे पदक हरवते, आळ जनीवर येतो, तिला सुळी देण्याचे ठरते आणि सुळाचे पाणी होते. असे घडले काय, हे विचारणारा विचारो. मला त्यात निराळेच सत्य दिसते. घरात काही हरवले की पहिली नजर मोलकरणीकडे वळते, हे त्या कथेला पुरते ठाऊक आहे. आणि देव अशा वेळी कोणाच्या बाजूला उभा राहतो, याचा निवाडाही तिने दिला आहे.

निजामी अमदानीत, १९४८ पर्यंत, आमच्याकडे कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. अक्षर न शिकलेल्या बायकांनी मात्र जात्यावर मराठी ओवी जागती ठेवली, आणि त्या ओवीत जनी व विठ्ठल नांदत राहिले. पुढे गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या, तेव्हा या अलिखित वाङ्मयाचा पसारा विद्वानांच्या ध्यानी आला.

आता चकलीची भाजणी गिरणीतून दळून येते. बायकांचे खांदे मोकळे झाले, हे उत्तमच झाले. परंतु ओव्या ज्यांना मुखोद्गत आहेत, अशा आज्या थोड्याच उरल्या आहेत. या दिवाळीत फराळाची ताटे भरण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या बाईपाशी बसावे, तिला एक तरी ओवी म्हणावयास सांगावी आणि ती मुलीच्या हातून वहीत उतरवून घ्यावी.